मॅमोग्राफीच्या अहवालातला आकडा आणि त्यामागची प्रतिमा : स्तनांच्या तपासण्यांविषयी धागा (पुणे)

क्षकिरणी

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतल्या कंपन्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत हल्ली स्त्रियांसाठी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) किंवा स्तनांची सोनोग्राफी असते. अहवाल संध्याकाळपर्यंत फोनवर येतो, डॉक्टरांची वेळ मात्र दोन-तीन दिवसांनी मिळते, आणि त्या मधल्या काळात घरातले सगळेजण अहवालाच्या शेवटच्या ओळीतला 'बाय-रॅड्स' या शब्दापुढचा आकडा पाहून एक तर हबकतात किंवा वाजवीपेक्षा जास्त निर्धास्त होतात. मी पुण्यात अनेक वर्षे मॅमोग्राफी तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. अहवाल लिहिणे हे रेडिओलॉजिस्टचे काम. पण ज्या प्रतिमेवरून तो लिहिला जातो ती घेण्याचे काम माझे असल्यामुळे, या आकड्यातून पुढची कृती कळते, रोगाचा निवाडा कळत नाही, एवढे तरी नीट मांडावे म्हणून हा धागा काढला आहे.

बाय-रॅड्स ही आकड्यांची पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या संस्थेने १९९३ साली आणली. त्याआधी अहवालाची भाषा ज्याच्या-त्याच्या मर्जीची असे, आणि 'संशयास्पद वाटते, परंतु निश्चित सांगता येत नाही' अशा वाक्यावर सर्जनने नेमके काय करावे हे कोणी सांगत नसे. आता प्रत्येक आकड्याला ठरलेली कृती जोडलेली आहे. १ म्हणजे काही आढळले नाही. २ म्हणजे काहीतरी आढळले आहे, उदाहरणार्थ पाण्याची साधी गाठ, पण ते निःसंशय निरुपद्रवी आहे. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही, तेव्हा सुई न घालता सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ पासून बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणे, सुरू होते, आणि हा गट फार रुंद आहे : ४ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५० टक्के, तर ४सी मध्ये ५० ते ९५ टक्के. म्हणून नुसते 'चार आला' असे सांगणाऱ्या बाईला पुढचे अक्षर कोणते हे आधी विचारावे. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा अधिक शक्यता, आणि ६ हा आकडा बायोप्सीत रोग सिद्ध झाल्यानंतरच्या प्रतिमांसाठी असतो.

सर्वांत जास्त घोटाळा शून्याचा होतो. शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे. जादा कोनातून प्रतिमा, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्म पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. शून्य वाचून 'काही निघाले नाही' म्हणत पेढे वाटणारे कुटुंब आणि 'काहीतरी लपवत आहेत' म्हणून रात्रभर जागणारे कुटुंब, दोन्ही मी पाहिली आहेत. अमेरिकेत नियमित तपासणीला आलेल्या दर हजार स्त्रियांपैकी सुमारे शंभरजणींना असे परत बोलावले जाते, आणि त्या शंभरांतल्या बहुतेकींना कर्करोग नसतो.

आता दाब देण्याविषयी, कारण सर्वाधिक तक्रार त्याचीच असते. मॅमोग्राफी हा एक्स-रेच आहे, पण फार कमी ऊर्जेचा. छातीच्या एक्स-रेला शंभर किलोव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक विद्युतदाब वापरतात. मॅमोग्राफीला साधारण २५ ते ३५ पुरतो. चरबी, दूधग्रंथी आणि गाठ यांची घनता इतकी जवळजवळची असते, की जोरकस किरण तिन्हींतून जवळपास सारखेच पार होतात आणि चित्रात भेद उरत नाही. तो भेद मंद किरणांना पकडता येतो, परंतु जाड थरातून ते बाहेर पडत नाहीत. म्हणून स्तन काही सेकंद दाबून पातळ करावा लागतो. त्याने किरणांची मात्रा कमी लागते, हालचालीने चित्र धूसर होत नाही, आणि एकमेकांवर चढलेले पापुद्रे पसरल्यामुळे त्यांच्याआड दडलेली गाठ उघडी पडते. काढून टाकलेल्या स्तनांचे एक्स-रे बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन या सर्जनने १९१३ मध्येच अभ्यासले होते, पण दाबाचे महत्त्व पटवून दिले ते उरुग्वेच्या राउल लेबोर्न यांनी, १९५० च्या सुमारास. मिठाच्या कणांएवढ्या बारीक अशा कॅल्शियमच्या ठिपक्यांचा कर्करोगाशी संबंध असू शकतो, हेही त्यांनीच ठासून सांगितले.

प्रत्येक बाजूच्या दोन प्रतिमा घेतात, एक वरून खाली आणि एक काखेकडून तिरकी. तिरकी प्रतिमा घेताना खांदा सैल सोडा असे आम्ही वारंवार सांगतो, ते उगाच नव्हे. छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत चित्रात उतरला नाही तर मागचा भाग यंत्राबाहेर राहिला असे समजतात, आणि काखेच्या बाजूचा वरचा भाग, जिथे सर्वाधिक कर्करोग आढळतात, तोच निसटण्याची भीती असते. त्या दिवशी डिओडरंट किंवा टाल्कम पावडर लावू नये, कारण तिचे कण चित्रात कॅल्शियमसारखे दिसतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन दुखरे असतात, तेव्हा शक्यतो पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ घ्यावी.

मुठेकाठची

माहितीपूर्ण धागा. माझे वय ४३ आहे. माझ्या अहवालात 'घनता सी, बाय-रॅड्स १' असे लिहिले आहे आणि तरीही डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घ्यायला सांगितले. सगळे व्यवस्थित असेल तर दुसरी तपासणी कशासाठी? माझ्या जाऊबाईंचे म्हणणे असे, की हा बिल वाढवण्याचा प्रकार आहे. मला तसे वाटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही.

डॉ_प्रतिध्वनी

जाऊबाईंची शंका अस्थानी नाही, परंतु या ठिकाणी ती लागू होत नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मॅमोग्राममध्ये चरबी काळी दिसते, दूधग्रंथी आणि तंतूंचे जाळे पांढरे दिसते, आणि दुर्दैवाने गाठही पांढरीच दिसते. या पांढऱ्या भागाच्या प्रमाणावरून ए, बी, सी, डी अशा चार घनता ठरवल्या आहेत. ए मध्ये जवळजवळ सगळी चरबी असल्याने लहानशी गाठही उठून दिसते. सी आणि डी मध्ये ती पांढऱ्यावर पांढरी होऊन बुडून जाते. तुमचा १ हा आकडा 'जे दिसले त्यात दोष नाही' एवढेच सांगतो, आणि सी हे अक्षर 'दिसायला अडथळा होता' असे सांगते. दोन्ही विधाने एकत्र वाचायची असतात. घनता हा आजार नव्हे. चाळिशीपुढच्या अमेरिकन स्त्रियांपैकी साधारण निम्म्या सी किंवा डी गटात असतात, आणि तरुण वयात तर हे प्रमाण आणखी जास्त असते. मात्र अति घन स्तनांमध्ये रोगाचा धोकाही काहीसा वाढतो, त्यामुळे अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिची घनता लेखी कळवणे बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे चांगल्या केंद्रांच्या अहवालात ती लिहिलेली असते, पण रुग्णाला समजावून कोणी सांगत नाही, हे मान्य करावे लागेल.

सोनोग्राफीला ग्रंथींच्या घनतेचा अडथळा फारसा होत नाही. गाठ पाण्याची आहे की भरीव, तिच्या कडा गुळगुळीत आहेत की काटेरी, ती आडवी पसरली आहे की उभी वाढली आहे, हे ध्वनिलहरींनी छान कळते. काखेतल्या लसिकाग्रंथीही पाहता येतात. उलट, कॅल्शियमचे जे बारीक कण कधी कधी दुधाच्या नळीपुरत्या मर्यादित कर्करोगाची एकमेव खूण असतात, ते सोनोग्राफीत बहुधा सुटतात. म्हणून चाळिशीनंतर 'मॅमोग्राफी नको, दुखते, त्याऐवजी सोनोग्राफी करा' ही विनंती मला मान्य करता येत नाही. तिशीच्या आत गाठ लागली तर मात्र सुरुवात सोनोग्राफीनेच करतो, आणि तिशी ते चाळिशी या वयात परिस्थिती पाहून.

टोमोसिंथेसिस, म्हणजे ज्याला केंद्रे '३डी मॅमोग्राफी' म्हणून जाहिरात करतात, त्यात नळी कमानीत फिरते आणि स्तनाचे पातळ थर वेगवेगळे पाहता येतात. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. घन स्तनांत त्याचा उपयोग होतो आणि परत बोलावण्याचे प्रमाणही घटते. एमआरआय ही सर्वांत संवेदनशील तपासणी आहे. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या 'डेन्स' चाचणीत, अति घन स्तन आणि निर्दोष मॅमोग्राम असलेल्या स्त्रियांच्या एका गटाला जादा एमआरआय देऊ केला, तेव्हा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले. पण त्यासाठी शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारे द्रव्य द्यावे लागते, खर्च मोठा असतो, आणि निरुपद्रवी गोष्टीही इतक्या उजळतात की विनाकारण बायोप्सी वाढतात. बीआरसीए या स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकातला दोष, आई-बहिणींचा भक्कम इतिहास, किंवा लहान वयात छातीला दिलेले किरणोपचार असतील तर एमआरआय जरूर करावा. सरसकट करू नये, असे माझे मत आहे.

तर्ककर्कश

या सगळ्यात एक बाजू राहून जाते. लक्षणे नसलेल्या स्त्रियांना सरसकट यंत्राखाली आणले की जे रोग आयुष्यभर कधीच त्रास देणार नव्हते तेही सापडतात, आणि मग शस्त्रक्रिया, किरणोपचार, गोळ्या असा सगळा ताफा मागे लागतो. ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये हा हिशेब मांडला होता : पन्नाशीच्या दहा हजार स्त्रियांना वीस वर्षे तपासणीला बोलावल्यास ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींचे अतिनिदान होते. म्हणजे एकीचा जीव वाचताना तिघींवर अनावश्यक उपचार. हे आकडे कोणत्याही आरोग्य पॅकेजच्या जाहिरातीत मला दिसलेले नाहीत.

डॉ_प्रतिध्वनी

आकडे बरोबर आहेत, आणि ते लपवण्याचे कारण नाही. त्याच समितीने मृत्यूदरातली घट सुमारे २० टक्के धरली होती आणि तपासणी सुरू ठेवावी असा निष्कर्ष काढला होता, एवढे मात्र जोडायला हवे. अतिनिदान झालेल्या स्त्रीला आपण त्या १२९ पैकी एक आहोत हे कधीच कळत नाही, आणि तिच्या डॉक्टरांनाही कळत नाही. त्यामुळे ही निवड त्या स्त्रीने सर्व माहिती घेऊन करायची आहे.

परंतु ब्रिटनचा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा उतरवू नये. भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू अंदाजले गेले. अतिनिदानापेक्षा उशिरा झालेले निदान हा आपला फार मोठा प्रश्न आहे. इथे मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाचे काम पाहण्यासारखे आहे. त्यांनी १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर चाचणी केली, त्यात यंत्र अजिबात नव्हते. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. एकूण सर्व वयांचा विचार करता दिसलेली १५ टक्के घट संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही, हे तुमच्यासारख्या वाचकासाठी आवर्जून नोंदवतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही तिशीपुढच्या स्त्रियांची तपासणी हातानेच करण्याची तरतूद आहे.

शिवाय ही चर्चा लक्षण नसलेल्यांपुरती आहे. ज्या बाईच्या हाताला गाठ लागली आहे, स्तनाग्रातून रक्त येते आहे किंवा कातडी आत ओढली गेली आहे, तिच्याबाबत अतिनिदानाचा मुद्दाच येत नाही.

वाकडकर

आमच्या सोसायटीत मागच्या महिन्यात 'वेदनारहित, स्पर्शरहित, किरणरहित' असे स्तनतपासणी शिबिर झाले. उष्णतेचा कॅमेरा होता. पत्नीचा निकाल हिरवा आला. आता मॅमोग्राफीची आवश्यकता उरते का?

क्षकिरणी

उरते. गाठीकडे रक्तपुरवठा वाढल्याने कातडीचे तापमान किंचित बदलू शकते, ही त्यामागची कल्पना आहे. पण खोलवरच्या किंवा लहान गाठीबाबत ती भरवशाची ठरलेली नाही, आणि मॅमोग्राफीला पर्याय म्हणून उष्णताचित्रण वापरू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एकाहून अधिक वेळा दिला आहे. काही कंपन्या त्याला संगणकीय विश्लेषणाची जोड देत आहेत. त्यातून पुढे काही निघेलही, पण हिरवा निकाल आला म्हणून पुढची तपासणी रद्द करणे आज योग्य नाही.

शिबिरांत असे कॅमेरे जास्त का दिसतात, यालाही कारण आहे. मॅमोग्राफीचे यंत्र न्यायचे तर किरणसुरक्षेच्या नियमांनुसार बांधलेली खास गाडी लागते, आणि सोनोग्राफीचे यंत्र गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे नोंदलेल्या जागेबाहेर सहजासहजी हलवता येत नाही. तो कायदा हवाच. त्याचा हा एक आनुषंगिक परिणाम आहे.

किरणांची भीती असेल तर, दोन्ही बाजूंच्या चारही प्रतिमा मिळून साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट मात्रा होते, म्हणजे निसर्गातून आपल्याला जवळजवळ दोन महिन्यांत मिळते तेवढी. गळ्याला शिशाचा पट्टा मागावा असा जो संदेश फिरतो त्याकडे लक्ष देऊ नये. थायरॉइडपर्यंत नगण्य किरण पोचतात, आणि पट्टा प्रतिमेत आला तर ती पुन्हा घ्यावी लागते.

मुठेकाठची

सोनोग्राफी झाली. डावीकडे एक सेंटिमीटरची भरीव गाठ, ४ए, आणि बायोप्सी सुचवली आहे. घरात सासूबाईंचे म्हणणे आहे की सुई लावली की रोग पसरतो. डॉक्टरांशी शुक्रवारी बोलणे आहे, परंतु तोवर इथल्या जाणकारांनी या विषयावर लिहावे.

पेशीदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सुईने काढलेला तुकडा शेवटी माझ्यासारख्याच कोणाच्या तरी सूक्ष्मदर्शकाखाली येतो. सासूबाईंची भीती जुनी आहे आणि सर्वत्र आढळते, पण बायोप्सीमुळे रुग्णांचे आयुष्य घटते असा पुरावा नाही. उलट बायोप्सी न करता थेट गाठ काढणे अनेकदा नुकसानीचे ठरते, कारण रोग निघाला तर शस्त्रक्रियेची आखणी वेगळी करावी लागते आणि काही रुग्णांना आधी औषधोपचार द्यावे लागतात.

बारीक सुईने नुसत्या पेशी ओढणे, म्हणजे एफएनएसी, आणि जाड सुईने तुकडा काढणे, म्हणजे कोअर बायोप्सी, यांतला फरक विचारून घ्या. पहिलीत सुट्या पेशी मिळतात, त्यामुळे रोग नळीतच आहे की बाहेर घुसला आहे हे सांगता येत नाही. दुसरीत ऊतीची रचना शाबूत असते, आणि रोग असल्यास त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू (एक प्रथिन) या तपासण्या करून उपचारांची दिशा ठरते. ती जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत, साधारणपणे १४ गेजच्या सुईने करतात आणि त्याच दिवशी घरी जाता येते. जे कण फक्त मॅमोग्राममध्ये दिसतात त्यांच्यासाठी मॅमोग्राफीच्याच मार्गदर्शनाखाली सुई घालावी लागते.

४ए मध्ये दहातल्या नऊ किंवा त्याहून अधिक गाठी कर्करोगाच्या नसतात. फायब्रोअ‍ॅडिनोमा ही निरुपद्रवी भरीव गाठ निघते, क्वचित क्षयाची किंवा ग्रॅन्युलोमाची सूज निघते; ही सूज तर प्रतिमेत हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते आणि आपल्या देशात ती विसरून चालत नाही. माझा आग्रह एका गोष्टीसाठी आहे : हाताची तपासणी, प्रतिमा आणि ऊतीचा अहवाल या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. प्रतिमा ५ म्हणत असेल आणि माझा अहवाल 'साधी सूज' म्हणत असेल, तर सुई योग्य जागी पोचली नसावी असे धरून पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. असा मेळ पाहणारा एक डॉक्टर प्रत्येक रुग्णामागे असायला हवा. पुण्यात तपासणी एका केंद्रात, बायोप्सी दुसऱ्यात आणि पॅथॉलॉजी तिसऱ्यात अशी वाटणी सर्रास होते, आणि मग कोणीच तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचत नाही.

तर्ककर्कश

शेवटच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. माझे इतर आक्षेप कायम आहेत.

सातारारोडकर

प्रतिमा वाचण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे असे वाचतो. तिने दोन डॉक्टरांची मते वेगळी येण्याचा प्रश्न सुटेल का?

डॉ_प्रतिध्वनी

काही प्रमाणात. स्वीडनमधल्या 'मासाई' चाचणीत ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या प्रतिमा होत्या. २०२३ मधल्या निष्कर्षांनुसार संगणकाच्या मदतीने वाचन केलेल्या गटात हजारी ६ कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीत हजारी ५, आणि डॉक्टरांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले. पण तिथे मुळात प्रत्येक प्रतिमा दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच वाचतो. त्यामुळे तिथली काम वाचल्याची टक्केवारी इथे लावता येणार नाही, आणि संगणकाला आपल्या स्त्रियांच्या प्रतिमांवर वेगळे तपासून घ्यावे लागेल. खांदा सैल न सोडल्यामुळे जो भाग प्रतिमेत आलाच नाही, तो संगणकालाही दिसणार नाही. क्षकिरणी यांनी लिहिले आहे ते त्यासाठीच महत्त्वाचे आहे.

पर्वतीपायथा

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींचे वय ४६ च्या आसपास आहे. त्यांच्या उजव्या बाजूला वाटाण्याहून मोठी, न दुखणारी गाठ आहे. जवळच्या केंद्रात फक्त सोनोग्राफी झाली आणि 'विशेष काही नाही' असे सांगितले. खाजगी रुग्णालयाचा खर्च त्यांना झेपणार नाही. पुढे काय करावे?

क्षकिरणी

दुखत नाही ही गोष्ट दिलासा देणारी नाही, कारण कर्करोगाच्या गाठी सुरुवातीला बहुधा दुखत नाहीत. हाताला लागणारी गाठ आणि 'काही नाही' म्हणणारी प्रतिमा यांचा मेळ बसत नसेल तर तपासणी तिथे संपवता येत नाही. या वयात मॅमोग्राफी व्हायला हवी आणि गाठ अनुभवी सर्जनच्या हाताखालून जायला हवी. ससून या सरकारी रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात जायचे असेल, तर कायद्याने तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. बाह्यरुग्ण तपासण्यांना काय सवलत मिळेल हे तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना आधी भेटून विचारावे, आणि शिधापत्रिका, आधार कार्ड व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवावा.

झालेल्या सोनोग्राफीच्या अहवालाबरोबर तिच्या प्रतिमाही त्या केंद्रातून मागून घ्याव्यात, शक्यतो सीडीवर. फोनवरच्या पीडीएफवरून दुसऱ्या डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. आणि मावशींना गाठ स्वतःच्या बोटाने दाखवायला सांगावे, म्हणजे तंत्रज्ञ त्या जागी कातडीवर छोटी खूण चिकटवतील आणि ती खूण मॅमोग्राममध्ये उमटेल. त्या जागेवर पुन्हा नेमकी सोनोग्राफी करावी, असे फॉर्मवर सर्जनकडून लिहून घ्या.